दोन प्रणालींचा संगणक आणि देहात्मविचार

एकाच घरगुती संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवण्याला 'ड्युअल बूट' म्हणतात. डिस्कचे भाग पाडून प्रत्येकात एक प्रणाली ठेवतात. सुरू करताना 'ग्रब' हा छोटा प्रोग्राम प्रणालींची यादी दाखवतो. चालते मात्र एका वेळी एकच. मग हा संगणक एक की दोन?

यंत्र म्हणजे देह आणि सॉफ्टवेअर म्हणजे आत्मा, ही उपमा सोपी म्हणून खपते. पण इथे ती टिकत नाही. प्रणाली डिस्कवरच लिहिलेली असते, बिघडते, पुसताही येते. वेदान्ताच्या परिभाषेत तिची जागा सूक्ष्म शरीरात, म्हणजे मन, बुद्धी आणि संस्कारांच्या रांगेत.

महानुभाव परंपरा सांगते, की भडोचचा प्रधानपुत्र हरपाळदेव वारला तेव्हा द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह ठेवून त्याच्या देहात प्रवेश केला. हेच पुढे चक्रधर झाले. आतला बदलला, तरी हरपाळदेवाची पत्नी कमळाइसा हिच्या लेखी नवरा तोच राहिला. जुगारात हरल्यावर त्याने दागिने मागितले तेही तिच्याकडेच. नाती देहाला चिकटतात. विंडोजचा डिजिटल परवानाही बहुधा मदरबोर्डाशी बांधलेला असतो: डिस्क बदलली तर चालते, मदरबोर्ड बदलला की अडते.

पण हरपाळदेव परतला नाही. ड्युअल बूटमध्ये दोघी आलटून पालटून येतात. म्हणून जत्रेत अंगात येणे हे अधिक जवळचे. वारे उतरल्यावर 'झाडाला', म्हणजे ज्याच्या अंगात आले त्याला, काही आठवत नाही, असे मानतात. लिनक्स चालू असताना विंडोजही कुठे दबा धरून बसलेली नसते. ती चालूच नसते.

तरी एकीचा परिणाम दुसरीवर होतो, आणि तो घड्याळात लख्ख दिसतो. मदरबोर्डावर छोट्या बॅटरीवर चालणारे एकच घड्याळ असते. विंडोज त्यातला आकडा स्थानिक वेळ म्हणून वाचते, लिनक्स सहसा जागतिक प्रमाणवेळ म्हणून. संध्याकाळी 7 वाजता लिनक्स त्यात 13:30 लिहून बंद होते. लगेच उघडलेली विंडोज दुपारचे दीड दाखवते. उलट, विंडोजने 19:00 ठेवले तर लिनक्स साडेपाच तास मिळवून मध्यरात्रीनंतरचे साडेबारा सांगते. इंटरनेटवरून वेळ जुळली, की घोळ तात्पुरता मिटतो. कायमचा मिटवायचा तर एकीची सवय बदलावी लागते.

जैन दर्शन म्हणेल, हे दोन नय, म्हणजे दोन दृष्टिकोन आहेत. आपापल्या गृहीतकात दोन्ही वाचने खरी. हे मान्य करूनही एक अडचण उरते. दोघी नुसत्या वाचून थांबत नाहीत, आपले वाचन वस्तूवर लिहूनही ठेवतात. मतभेद निरुपद्रवी राहत नाही तो यामुळे.

चूक कळते ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाला. माण्डूक्य उपनिषदाच्या अद्वैती विवरणात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तिन्हींचा साक्षी एकच मानतात. इथे ती जागा वापरणाऱ्याची. मात्र हा साक्षी यंत्राबाहेर, स्वतःचा वेगळा देह घेऊन बसलेला आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व स्वतंत्र मानणाऱ्या महानुभावांना असा वेगळेपणा खटकू नये. अद्वैताला मात्र ज्याच्याखेरीज दुसरे काही नाही असा साक्षी हवा, आणि तसा दाखवायला हा संगणक अपुरा पडतो.