अन्नाचे व्रत आणि चारचौघांची जीभ

गेल्या पोळ्याच्या सायंकाळी आरती आटोपल्यावर आपल्या देवळाच्या ओसरीवर काही मंडळी बसली होती. श्रावण त्या दिवशी संपत होता. डाइंगच्या मिलीत रातपाळी करणारे, मूळचे धुळ्याकडील एक सभासद जरा संकोचाने म्हणाले, "श्रावण पाळला. तसेच पुढे बाराही महिने पाळावे, जमल्यास माळ घालावी, असे मनात आहे. परंतु दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक खर्चाची आणि दुसरी लोकांची."

आम्ही तत्काळ उत्तर दिले की, मनाचा निश्चय असला म्हणजे दोन्ही गोष्टी आपोआप जमतात. पुजाऱ्याच्या मुलास अशी वाक्ये फार लवकर सुचतात. त्यावर त्या गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तुमले काय शे भाऊ? तुम्ही ते जलमना शाकाहारी!" सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री झोप लागेना, कारण आजीबाईंचे म्हणणे खरे नव्हते, आणि ते खरे नाही हे त्या ओसरीवर आमच्या वडिलांखेरीज कोणासही ठाऊक नव्हते.

बारावीची परीक्षा झाल्यावर आम्ही दोन वर्षे सुरतेस कापडाच्या एका दुकानी हिशेबाचे काम करीत होतो. राहणे उधन्यास, चार सोबत्यांसह एका खोलीत. तेथे पहिल्या महिन्यातच आम्ही अंडे खाल्ले आणि तिसऱ्यात कोंबडी. उपासमार होत होती असे नव्हे. चौघे एका परातीभोवती बसलेले असता पाचव्याने कोपऱ्यात लोणच्याशी भात खावा, हे सोसले नाही, एवढेच. महिन्यातून एकदा घरी येत असू, स्नान करून वडिलांना पूजेत मदत करीत असू, आणि पुन्हा उधन्यास जात असू.

महात्मा गांधींच्या आत्मकथेत याच जातीचा प्रसंग आहे. वैष्णव घरात जन्मलेल्या या मुलाने राजकोटास एका मित्राच्या नादाने सुमारे वर्षभरात पाच-सहा वेळा चोरून मांस खाल्ले. पुढे त्याने ते सोडले, तेही मांस वाईट म्हणून नव्हे, तर आईबापांशी खोटे बोलावे लागते म्हणून. १८८८ साली विलायतेस जाताना आईपुढे शपथ घेतली आणि ती पाळली. परंतु शाकाहार मनापासून आपला वाटला तो लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक वाचल्यावर. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात शाकाहार तीन वेळा आला, प्रथम जन्माने, मग शपथेने आणि शेवटी विचाराने. आम्हांस यातील तिसरी पायरीच खरी वाटते. जन्माने मिळालेल्या गोष्टीचे श्रेय कोणी घेऊ नये, आणि आमच्यासारख्याने तर ती गमावून पुन्हा मिळविलेली आहे.

आमचे सुटले ते कोणत्याही पुस्तकाने नव्हे. दीड वर्ष खाल्ले, पण आणावयास कधी गेलो नव्हतो. एका रविवारी पाळी आमची आली. दुकानदाराने पिंजऱ्यातून एक पक्षी काढला, जिवंतच काट्यावर तोलला, आणि पुढचे आम्ही पाहिले. पिशवी खोलीवर पोहोचेपर्यंत हाताला कोमट लागत होती. त्या दिवशी जेवलो नाही. पुढेही नाही.

आता खर्चाविषयी. आरंभी आम्ही मोठी चूक केली. मांस वगळले आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. बटाटा, भात आणि फरसाण यांवर दोन महिने काढले. अशक्तपणा आला, तेव्हा सोबती म्हणाले, "पाहा, घासपाल्याने माणसाचे काय होते ते!" दोष पाल्याचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. पुढे एका डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखविला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने पुरतात. अंगमेहनत करणारा माणूस दिवसाकाठी ४०० ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळ्या सहज खातो. त्यांतून सुमारे ४० ग्रॅम मिळतात. १०० ग्रॅम डाळीत आणखी २० ते २२ ग्रॅम. गणित तेथेच पुरे होते, आणि एक किलो बकऱ्याच्या मांसाच्या किमतीत चार-पाच किलो तूरडाळ येते. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात, म्हणून दोन्ही एकत्र खावीत, असेही डॉक्टर म्हणाले. ते ऐकताना आम्हांस आजोळची कळण्याची भाकरी आठवली. ज्वारीत उडीद मिसळून दळणाऱ्या खानदेशातील आयाबायांना हे शास्त्र कोणी शिकविले होते?

दूध-ताक मात्र अगदीच बंद करू नये. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, आणि शरीरातील साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे त्याची उणीव फार उशिरा कळते. हातापायांस मुंग्या येऊ लागल्या तर ते अंगात आलेले वैराग्य समजू नये, रक्त तपासून घ्यावे.

तथापि डाळीचा खरा प्रतिस्पर्धी मांस नव्हे, अंडे आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसास अंडे पाच मिनिटांत होते. डाळ भिजवावी लागते, शिजवावी लागते, गॅस जळतो. गरिबाला शाकाहार महाग पडतो तो पैशाने नव्हे, वेळेने. यावर आम्हांस सापडलेला उपाय अगदी साधा आहे, पिठले. तेही पाच-दहा मिनिटांत होते. पाळीवर निघताना मूग किंवा मटकी भिजत घातली, परत आल्यावर उपसून फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी उसळ. आणि ज्यांना रविवारी काळ्या मसाल्याचा झणका हवाच असतो, त्यांच्यासाठी आपल्याकडे डुबुकवडे आहेत, पातोड्यांची आमटी आहे. जीभ बहुधा मसाल्यासाठी रडते, हा आमचा अनुभव आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्रत पुरुषाने घ्यावे आणि दोन पातेली बायकोने चढवावीत, हे व्रत नव्हे. ज्याने सोडले त्याने आपले पातेले आपण चढवावे, आणि घासावेही.

पैशाचा खरा तंटा आमच्या खोलीत निराळ्याच कारणाने झाला. जेवणाची वर्गणी सर्वांची सारखी होती. आम्ही मांस सोडल्यावर रविवारच्या बाजाराचा पाचवा हिस्सा देणे बंद करावे, असे आम्हांस न्याय्य वाटले. सोबत्यांस वाटले की हा पैशासाठी साधू झाला. एकाने तर आमच्या ताटात हाडूक ठेवून थट्टा केली. आम्हीही गप्प बसलो नाही. त्यांच्या अन्नाविषयी जे शब्द बोललो ते या पत्रकात छापण्याजोगे नाहीत. बरे, ते शब्द उच्चारणारे तोंड तीन महिन्यांपूर्वी तेच अन्न खात होते! शेवटी असे ठरले की तेल, मसाला, गॅस आणि धान्य यांचा हिस्सा आम्ही द्यावा, मांसाचा देऊ नये, आणि रविवारी सकाळचा स्वयंपाक आम्ही करावा. कढी-फुणके केले म्हणजे तिघे जण आवडीने खात. चौथ्याने अखेरपर्यंत खाल्ले नाहीत, आणि ते त्याने आमच्यावरील रागाने केले हे आम्हांस ठाऊक आहे.

पुढे एक गोष्ट घडली तिचा सल आजही आहे. ती खोली सोडावी लागली. आम्ही आणि ज्याने हाडूक ठेवले तो सोबती, असे दोघे एका सोसायटीत खोली पाहावयास गेलो. घरमालकाने भाडे सांगण्यापूर्वीच विचारले, "मांस-मच्छी खाता काय?" आम्ही नाही म्हणालो. सोबत्यास खोटे बोलता आले नाही. खोली आम्हांस मिळाली, त्यास नाही. ज्या गोष्टीवरून आमची खोलीत थट्टा झाली होती, तीच गोष्ट चार पावलांवर असलेल्या सोसायटीत आमचे मोठेपण ठरली. तो काही बोलला नाही, पेटी उचलून चालू लागला. आणि आम्ही? आम्ही त्या खोलीत राहिलो. भाडे कमी होते.

तेव्हापासून शाकाहाराची जी प्रौढी आपल्या बोलण्यात नकळत येते, तिचे आम्हांस भय वाटते. शास्त्राचा आधार घ्यावा, तर तोही या प्रौढीस अनुकूल नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, पण तेथे मांसाचे नावदेखील नाही. अतितिखट, अतिखारट, शिळे, बेचव झालेले, असे वर्णन आहे. त्या कसोटीने आमचा रातपाळीचा डबा कित्येकदा राजस आणि तामस यांच्या मध्ये कोठेतरी पडेल. महाभारताच्या वनपर्वात तर तपस्वी कौशिक ब्राह्मणास धर्म शिकावयास मिथिलेच्या एका व्याधाकडे पाठविले आहे. तो व्याध बाजारात मांस विकतो, कुळाचा धंदा म्हणून. स्वतः खात नाही. आणि त्या ब्राह्मणाने काय केले होते? अंगावर विष्ठा टाकणाऱ्या एका बगळीस त्याने नुसत्या रागाच्या दृष्टीने मारले होते. प्राणी मारून न खाणाऱ्याचाही हिंसेशी संबंध असू शकतो, हे व्यासांनी किती शांतपणे दाखविले आहे!

याचा अर्थ सर्व आहार सारखेच, असे आमचे म्हणणे नाही. ती कोमट पिशवी आम्ही विसरलेलो नाही, आणि एखाद्याने कळवळून विचारले तर तीच हकीकत सांगतो. परंतु विचारल्यावाचून सांगू नये, आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून तर मुळीच सांगू नये. १९३१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे बोलताना गांधीजींनी सांगितले होते की शाकाहाराचा पाया नीतीचा असावा, केवळ प्रकृतीसाठी घेतलेला आहार टिकत नाही. आणि अन्नावाचून दुसरे काही न बोलणाऱ्या शाकाहाऱ्यांची त्यांनी कानउघाडणीही केली होती. त्या सभेत वृद्ध सॉल्ट हजर होते. विलायतेस विद्यार्थी असता एका खोलीत राहून, सकाळी ओटची लापशी आणि रात्री पाव-कोको घेऊन, रोज सव्वा शिलिंगात भागविणाऱ्या माणसाचे हे बोल आहेत, म्हणून आम्ही ते मानतो.

लग्नाच्या पंगतीत, पाहुण्यांच्या घरी काय करावे, असे त्या सभासदांनी नंतर विचारले. आमचा रिवाज असा की आधीच निरोप द्यावा, ऐन ताटावर नाही. यजमानाने घाईत रस्सा बाजूस सारून नुसता भात वाढला तर तो गोड मानून खावा. थट्टा झाली तर पहिल्यांदा हसावे, दुसऱ्यांदाही हसावे. तिसऱ्यांदा काय करावे ते आम्हांस अजून साधलेले नाही. आणि आई-वडील, सासू-सासरे यांच्यावर सक्ती करू नये. ज्या माउलीने नवसाचा बोकड कबूल करून आपल्याला वाढविले, तिला तिच्या म्हातारपणी पापिणी ठरविणारी माळ कोणत्या देवाला आवडेल?

आम्ही मांस सोडल्याचे घरी सांगितले तेव्हा खाल्ल्याचेही सांगावे लागले. वडिलांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सोडलेस हे किती जणांना सांगितलेस?" आम्ही म्हणालो, "सर्वांना." "आणि खात होतास तेव्हा?" या प्रश्नास तेव्हा उत्तर दिले नव्हते. हा लेख छापावयास देण्यापूर्वी तो त्यांना वाचावयास दिला. त्यांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखविल्या आणि कागद परत दिला.

ओसरीवरच्या त्या गृहस्थांना आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन ही सर्व हकीकत सांगितली, आजीबाईंच्या देखत. आजीबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आमच्यापुढे चहा ठेवला. त्यांच्या घरी आता रविवारी दोन पातेली चढतात. पिठल्याचे मुलगा स्वतः चढवितो, आणि ते फार पातळ होते अशी आईची तक्रार आहे. माळ त्यांनी अद्याप घातलेली नाही. कार्तिकीस पंढरपूरला जाऊन घालावी असा बेत आहे, मिलीतून रजा मिळाली आणि तिकिटाचे पैसे जमले तर.