सावलीचा हिशेब

वऱ्हाडांत रस्ता रुंद होऊं लागला, कीं प्रथम कडेचे जुने निंब व चिंचा जातात. रस्ता नको, असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. अमरावती-अकोला मार्गावरील खड्ड्यांनीं ज्यांचीं हाडें खिळखिळीं केलीं, त्यांना जून २०२२ मध्यें तेथें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला याचें कौतुक वाटलें, तर तें योग्यच आहे. प्रश्न निराळा आहे. गेलेल्या झाडाची भरपाई केली जाते, ती पोंचते कोणास?

नागरी भागांतील वृक्षांविषयींच्या १९७५ च्या महाराष्ट्र कायद्यास २०२१ सालीं दुरुस्ती होऊन, तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं रोपें लावावीं, असा दंडक आला. (शहराच्या हद्दीबाहेरच्या निंबास हेंही भाग्य नाहीं.) शंभर वर्षांच्या झाडाबद्दल शंभर रोपें, हा हिशेब वरवर उदार दिसतो, परंतु सावलीची बेरीज होत नसते. वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला असतां, त्या शंभर रोपांखालीं एकही मजूर भाकरी सोडून बसूं शकत नाहीं. सावली गमावतो तो पायीं चालणारा; वेग मिळतो तो मोटारवाल्यास; आणि रोपें जगलींच, तर सावली मिळेल ती त्या मजुराच्या नातवास. घेतलें एकाचें, दिलें दुसऱ्यास, आणि वहींत मात्र जमाखर्च जुळला! दुभाजकांतली कण्हेर या संख्येंत धरली गेली, तर नातूही उन्हांतच.

युरोपांत हॉर्स चेस्टनट वृक्षावर पानें पोखरणाऱ्या चिमुकल्या पतंगाची धाड आली आहे. ॲमस्टरडॅममध्यें लपून राहिलेली ॲन फ्रँक माळ्याच्या खिडकींतून जें झाड पाहत असे, तें याच जातीचें. बुरशीनें खोड पोखरल्यामुळें २००७ सालीं तें तोडण्याचें ठरलें. नागरिकांनीं विरोध केला, न्यायालयानें तोड थांबविली, पुढें लोखंडी आधार दिला गेला. आणि २३ ऑगस्ट २०१० रोजीं वादळांत तें कोसळलेंच. तीन वर्षांकरितां एवढी धडपड कशास, असें व्यवहारी मनुष्य विचारील. आम्हांस तींत न्यायबुद्धि दिसते : आज जो जिवंत आहे त्याचा हक्क, उद्यां येणाऱ्याच्या नांवावर परस्पर खर्ची घालूं नये. शिवाय तेथें शत्रु बुरशी होती. तिला जाब विचारतां येत नाहीं. कुऱ्हाडीस हात असतो, आणि त्या हातामागें नकाशा काढणारें डोकें.

त्या डोक्यास एवढेंच विचारावेंसें वाटतें, कीं रस्ता रुंदावण्याचा संकल्प वर्षानुवर्षें कागदावर पडून असतो, तर त्याच वेळीं होणाऱ्या नव्या कडेला निंब कां लावूं नयेत? दहा-बारा वर्षांत निंब माणूस बसण्याजोगी सावली धरतो. मग कुऱ्हाड आली, तरी मजुरास शिदोरी उचलून पलीकडे जाऊन बसतां येईल.