पडद्यावरचे प्रत्यक्ष

काचेवरची पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहणे हे प्रत्यक्ष ज्ञान मानले, तर तिची डिजिटल प्रतिमा पडद्यावर पाहणे हेही प्रत्यक्षच ठरते का? हा प्रश्न रुग्णाच्या निदानाशी थेट जोडलेला आहे. छत्रपती संभाजीनगरात 1956 साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच ‘घाटी’, आणि शासकीय कर्करोग रुग्णालय येथे मराठवाडाभरातून रुग्ण येतात. बायोप्सीवर मुंबईच्या तज्ज्ञाचे दुसरे मत हवे असल्यास काच किंवा मेणाचा ब्लॉक तिकडे न्यावा लागतो. स्कॅन केलेली स्लाइड तिथल्या पॅथॉलॉजिस्टला त्याच दिवशी दिसू शकते.

पण प्रत्यक्ष म्हणजे काय? न्यायदर्शनातील गौतमाच्या न्यायसूत्रांनुसार प्रत्यक्ष ज्ञान इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संपर्कातून, उपजते. शिवाय ते अव्यपदेश्य, अव्यभिचारी आणि निश्चयात्मक असावे लागते. स्लाइड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून पॅथॉलॉजिस्टला काय हवे, हे या अटींवरून नेमके सांगता येते.

अव्यभिचारी म्हणजे न फसवणारे. स्कॅनरकडून ऊतीचा एखादा तुकडा सुटू शकतो. म्हणून नंबराच्या चिठ्ठीसह संपूर्ण काचेचे चित्र आधी दिसले पाहिजे. काप रंगवणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनचा निळा आणि इओसिनचा गुलाबी रंग मॉनिटरवर बदलला, तर केंद्रकाचा गडदपणाही खोटा ठरतो.

निश्चयात्मकतेची अट सर्वांत अवघड. लांबून दिसते ती धूळ की धूर, हा न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेला संशय. पॅथॉलॉजिस्टपुढे गडद ठिपका असतो: ती विभाजन पावणारी पेशी, की आक्रसून मेलेले केंद्रक? सूक्ष्मदर्शकावर फोकसचा स्क्रू किंचित फिरवून तो हे ठरवतो. एकाच पातळीवर स्कॅन केलेल्या चित्रात ही सोय नसते. अशा ठिकाणी अनेक पातळ्यांवरचे स्कॅन लागतात. 15 मिलिमीटर बाजूचा चौरस दर पिक्सेलला 0.25 मायक्रॉन या दराने टिपला, तर 3.6 अब्ज पिक्सेल होतात. तरीही झूम अडखळता कामा नये. म्हणून चित्र निरनिराळ्या विशालनांवर छोट्या तुकड्यांत साठवून लागेल तेवढेच मागवले जाते.

अव्यपदेश्य ज्ञान, एका अर्थाने, नाव चिकटण्याआधीचे असते. कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘कर्करोग’ म्हणून रंगवलेला भाग आधीच दिसला, तर नजर तिकडेच ओढली जाते. पाहणाऱ्याचे मत बनेपर्यंत ती खूण झाकता आली पाहिजे.

उरतो संनिकर्ष. पडद्यावर वस्तू नसते, हा आक्षेप खरा आहे. पण काचेवरही रंगवलेला, काही मायक्रॉन जाडीचा काप असतो आणि मध्ये भिंगे असतात. माध्यम दोन्हीकडे आहे. म्हणून त्याची पारख करावी लागते. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, पडताळ्याने ठरते. ‘कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स’ या संघटनेची मार्गदर्शक सूचनाही तेच सांगते: किमान 60 प्रकरणे, तोच पाहणारा, काच आणि पडदा यांत कमीत कमी दोन आठवड्यांचे अंतर, आणि मग दोन्ही निदानांची तुलना. या कसाला उतरलेले पडद्यावरचे पाहणे प्रत्यक्षच होय. मात्र शंका आली की मूळ काचेकडे परतण्याची वाट उघडी राहिली पाहिजे, कारण रिपोर्टवरची सही पाहणाऱ्याची असते.