निर्गुडेचे पाणी

वणीच्या वस्तीला लागून वाहणारी निर्गुडा ही पुराणप्रसिद्ध नदी नव्हे. परंतु ती वर्धेला मिळते, वर्धा पुढे पैनगंगा-वैनगंगांना भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विसर्जन पावते. म्हणजे 2022 च्या पुष्करपर्वणीत आमच्या तालुक्यातील ज्या भाविकाने सिरोंच्याला बुडी मारली, त्याने आपल्याच मोहल्ल्याच्या नालीचा काही अंश मस्तकी धारण केला.

पदवी अभ्यासक्रमात पर्यावरणशास्त्र अनिवार्य झाल्यापासून गावोगावचे विद्यार्थी क्षेत्रकार्य म्हणून जवळच्या नदीचे पाणी तपासतात. एकही बुडबुडा आत राहू न देता काठोकाठ भरलेल्या बाटलीत प्रथम मँगनीज सल्फेटचे आणि मग अल्कयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडले, की पाण्यात प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो, नसल्यास तो पांढराच राहतो. ही रीत विंक्लर नावाच्या हंगेरियन रसायनज्ञाने 1888 साली सांगितली. शुभ्रतेला आपण पावित्र्याचा वर्ण मानत आलो, आणि येथे शुभ्र साका म्हणजे मासा जगू न शकणाऱ्या पाण्याची साक्ष! स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे आपल्याकडील मानक आहे.

यावर श्रद्धावंतांचा आक्षेप असा, की नदी ही माता, तिचे पावित्र्य अविनाशी, ते बाटलीत कसे मोजणार? पावित्र्य मोजता येत नाही हे मला संपूर्ण मान्य आहे, आणि ते मोजल्याचा दावा कोणताही विद्यार्थी करीत नाही. पण हेच अविनाशित्व आपण पिढ्यानपिढ्या माफीच्या सनदेसारखे जवळ बाळगले आहे, हे मला फार सलते. मनुस्मृतीचा चौथा अध्याय पाण्यात मलमूत्र टाकण्याचा, इतकेच काय, थुंकण्याचाही निषेध करतो. आता ज्याला कशानेच बाधा पोचत नाही, त्याच्या रक्षणासाठी निषेधाचे प्रयोजन काय? शास्त्रकाराने निषेध सांगितला, त्या अर्थी जल दूषित होते आणि करणारा दोषी ठरतो, हे त्याने गृहीत धरले होते. या मुद्द्यावर तो त्या विद्यार्थ्यांच्याच बाजूचा आहे. आमच्याच वऱ्हाडात गाडगेबाबांनी पूर्णेकाठच्या ऋणमोचनाला, जेथे लोक पापक्षालनासाठी जमत, तेथे हाती खराटा घेतला. तीर्थावर त्यांची अश्रद्धा होती, असे कोण म्हणेल?

नदी आपल्याला शुद्ध करते, हा व्यवहार आपण एकाच बाजूने लिहीत आलो. दुसरी बाजू आता एखाद्या मुलीच्या वहीत उतरते आहे. तारीख, वेळ, ठिकाण लिहून, आपल्या घरची नालीही याच पात्रात उतरते हे ठाऊक असताना, ती आकडा आहे तसा मांडते आणि पुढच्या बाटलीवर चिठ्ठी डकवू लागते.