काट्याचं देणं दानाने फिटत नाही

दसरा उलटला की वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं सोयाबीन घराबाहेर पडू लागतं. केनवडच्या शेतकऱ्यापुढे तेव्हा दोन वाटा असतात. रिसोड, मालेगाव किंवा वाशिमच्या बाजार समितीत माल न्यायचा, नाहीतर गावातच खेडा खरेदी करणाऱ्याच्या काट्यावर घालायचा. वाट कुठलीही धरली तरी भाव फुटण्याआधी पोत्यातले मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात जातात आणि एक आकडा उमटतो. सरकारी खरेदीच्या निकषात ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. खाजगी व्यापारीही बोली त्याच आकड्याच्या आसपास ठेवतो. आता समजा, मालात ओलावा १२ टक्केच आहे आणि यंत्र १४ दाखवतं. कोरड्या दाण्याचा हिशोब केला तर क्विंटलमागे सव्वादोन किलोंच्या वर वजन विनाकारण कापलं जातं. २० क्विंटल विकणाऱ्याचे ४५ किलो गेले. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने सुमारे २,४०० रुपये. कडता म्हणून आणखी एक किलो क्विंटलमागे गेला, तर त्यात हजाराची भर. एवढ्याने कुणी देशोधडीला लागत नाही, आणि म्हणूनच त्यावर कुणी भांडत बसत नाही. मागे ट्रॅक्टरांची रांग असते, मजुराचे पैसे आजच द्यायचे असतात.

नीतीचा प्रश्न मोठ्या घोटाळ्यांपेक्षा इथे जास्त स्वच्छ दिसतो. कारण या व्यवहारात खोटं बोलणारा कुणीच सापडत नाही. यंत्राने आकडा दाखवला, काट्याने वजन दाखवलं, कडता तर वाडवडिलांपासून चालत आला. आणि याच बाजारातली माणसं गावच्या हरिनाम सप्ताहाला सढळ हाताने वर्गणी देतात, काल्याच्या महाप्रसादाचा खर्च उचलतात, देवळाच्या फरशीसाठी पावती फाडतात. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण ते बहुधा खरं नसतं. त्यांची श्रद्धा खरी असते. त्या श्रद्धेने त्यांच्यापुरता लावलेला हिशोब मात्र तपासून पाहायला हवा: काट्यावर जे थोडंफार इकडचं तिकडे होतं ते दानात फिटतं, हा तो हिशोब. तो धर्माच्याच कसोटीवर टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे.

धर्मग्रंथ व्यापाराबद्दल मोघम बोलतात हा समज आधी सोडून द्यावा. केनवडपासून लांब नसलेल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं तीर्थ आहे. तिथे येणाऱ्या जैन व्यापारी समाजाच्या परंपरेत उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र प्रमाण मानलं जातं. अचौर्य व्रताला लागणारे पाच दोष त्यात मोजून सांगितले आहेत. चोराला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम मोडणं, मापं कमीजास्त ठेवणं आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणं. रात्री घर फोडणाऱ्यापेक्षा दिवसा दुकान मांडणाऱ्यालाच ही यादी जास्त लागू पडते. बौद्ध परंपरेत दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात खोटा तराजू आणि खोटं माप वर्ज्य करण्याचा उल्लेख आहे, आणि सम्यक आजीविका हे तर अष्टांगिक मार्गातलं स्वतंत्र अंग आहे. कुराणात मुतफ्फिफीन नावाच्या अध्यायाची सुरुवातच घेताना पुरतं मापून घेणाऱ्या आणि देताना हात आखडणाऱ्यांच्या निषेधाने होते. कौटिल्याला मोक्षाशी काही देणंघेणं नव्हतं, तरी वजनमापांसाठी त्याने पौतवाध्यक्ष नेमायला सांगितला, आणि चोर न म्हणवणाऱ्या चोरांमध्ये व्यापाऱ्यांना बसवलं. (ते जरा जास्तच कठोर झालं, पण कौटिल्य कुणालाच सोडत नाही.) देव, आत्मा, परलोक यांवर ज्यांचं एकमत होणं शक्य नाही, अशा या चौघांचं बोट एकाच काट्यावर आहे. धान्य पिकवणाऱ्याच्या हातात माप नसतं, हे या सगळ्यांना ठाऊक होतं.

आता दानाकडे येऊ. दान पुण्यकारक आहे याबद्दल वाद नाही. पण प्रायश्चित्ताचे नियम पाहिले तर तिथे वेगळीच अट दिसते. मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली गेली ती तिच्यातल्या विषमतेसाठी, आणि ते योग्यच झालं. पण त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात किरकोळ वस्तूच्या चोरीलाही व्रत सांगताना चोरलेली वस्तू परत करण्याची अट घातली आहे. नुसत्या व्रताने भागत नाही. इस्लामी विचारात हक्कुल-इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, ज्याचा हक्क बुडाला त्याच्याशी मिटवल्याखेरीज सुटत नाहीत असं मानतात. दोन्हींमागचा तर्क सरळ आहे. ज्याचे ४५ किलो गेले तो एक नावानिशीचा माणूस आहे, आणि महाप्रसादाच्या पंगतीला बसलेले दुसरेच आहेत. तो स्वतः त्या पंगतीत बसला तरी ताटातलं गोड त्याला त्याच्याच पैशांतून वाढलं जातं, वर आभारही त्यानेच मानायचे! देणं एकाचं आणि फेड दुसऱ्याला, याला कुठलाही मुनीम जमा-खर्च म्हणणार नाही.

तुकोबांचं उदाहरण या संदर्भात नेहमी दिलं जातं, पण त्यातली बारीक गोष्ट निसटते. घरची सावकारी होती. महिपतींनी सांगितलेल्या चरित्रानुसार तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, पण सगळी नव्हे. धाकट्या भावाला, कान्होबांना, त्यांचा अर्धा वाटा आधी दिला आणि फक्त आपल्या वाट्याची खतं पाण्यात सोडली. दुसऱ्याच्या हक्कावर आपलं औदार्य उभारलं नाही. शिवाय ती सूट मिळाली ऋणकोंना, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहार झाला होता त्याच माणसांना. त्या पैशांतून देऊळ बांधून ऋणको तसेच ठेवता आले असते. ज्या विदर्भात वारीला जाणारं घर गावोगाव सापडतं, तिथे ही कथा वैराग्याची म्हणून सांगितली जाते. ती हिशोबाच्या चोखपणाचीही आहे.

यावर व्यापाऱ्याचं उत्तर येतं, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगं नाही. प्लांटवाला माझ्याकडूनही ओलावा आणि मातेरं कापतो, तो घाटा मी कुठून भरू? शेजारचा क्विंटलला पन्नास रुपये भाव जास्त फोडतो आणि ते वजनात काढून घेतो; मी काटा चोख ठेवला तर माझ्या दारात ट्रॅक्टर येणार नाही. पहिल्या भागाचं उत्तर असं की घाटा भरायचा तर भाव पन्नास रुपयांनी कमी सांगावा. उघड सांगितलेला कमी भाव शेतकऱ्याला दुसऱ्या भावाशी ताडून पाहता येतो, नाकारता येतो. वजनात लपवलेला पन्नास रुपयांचा फरक त्याला दिसतच नाही. रक्कम दोन्हीकडे तीच आहे. फरक आहे तो समोरच्याला तपासू देण्यात. धंद्यातल्या नीतीचा गाभा मला इथे दिसतो. नफा किती घ्यावा यावर धर्म फारसा बोलत नाही. समोरच्याला जे तपासता येत नाही, त्या जागेवरून नफा काढू नये एवढं मात्र तो बजावतो.

दुसरा भाग अवघड आहे. एकट्याच्या चोखपणाला बाजार शिक्षा करतो, हे खरंच आहे. त्याचं उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. इंग्रजांना पुण्य कमवायचं नव्हतं, मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त दरात हवा होता. तरी उघड्या जागेत, सर्वांदेखत सौदा आणि ठरल्याखेरीज वजावट नाही, ही कल्पना तिथून पसरली आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यापर्यंत आली. एकट्याला जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून पाळलं तर कुणाचंच नुकसान होत नाही. मग कायदा आहे तर धर्म कशाला, असं कुणी विचारेल. कारण कायद्याचा डोळा यार्डाच्या कुंपणापर्यंत पोचतो. गावातल्या खेडा खरेदीत रात्री आठ वाजता काटा लागतो तेव्हा तिथे निरीक्षक नसतो. आणि यार्डातसुद्धा नियम चालतो तो नियम मानणारी पुरेशी माणसं असतात म्हणून.

शेतकरी काय धुतल्या तांदळाचा आहे का, हा आक्षेपही घ्यायला हवा. नाही. तळाला ओला माल आणि वर वाळलेला, असे कट्टे भरले जातात, मातीही मिसळली जाते. अचौर्य व्रताचे पाचही दोष दोन्ही बाजूंना सारखेच लागतात. मात्र व्यापाऱ्याच्या हातात पोत्यात खुपसून नमुना काढायचं साधन आहे, नजर आहे, नाकारायची मुभा आहे. शेतकऱ्याकडे यातलं काही नाही. अपराध सारखा असला तरी जबाबदारी सारखी नसते. हीच असमानता पेरणीच्या वेळी कृषी केंद्राच्या दुकानात पुन्हा दिसते. सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी असा निकष आहे, पण पिशवीतल्या दाण्याकडे पाहून ती कुणाला कळणार? २०२० च्या खरिपात न उगवलेल्या सोयाबीनच्या तक्रारींनी राज्य गाजलं. राष्ट्रीय बीज महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलं, आणि चाचणीसाठी त्याने बियाणं बाजूला राखून ठेवावं ही अपेक्षा रास्त नाही, असंही सांगितलं. तो सगळं पेरून मोकळा झालेला असतो. युरियासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारणाऱ्या लिंकिंगचंही तेच: पेरणी चार दिवस थांबू शकत नाही, हे विकणाऱ्याला माहीत असतं.

चूक झालीच तर ती परत करणं व्यवहारात अशक्य आहे, असं म्हणायची सोयही व्यापाऱ्याला नाही. हिशोबपट्टीवर विकणाऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, चुकारा सगळं लिहिलेलं असतं. मीटर दोन टक्के पुढे होतं असं कळलं तर कुणाला किती द्यायचं हे एका संध्याकाळी काढता येतं. म्हणून केनवडच्या आणि आसपासच्या खरेदीदारांना एवढंच सुचवावंसं वाटतं की हंगामाआधी मीटर तपासून घ्या, पडदा शेतकऱ्याच्या बाजूला वळवा, कडता बंद करा आणि हवा तर भाव तेवढा खाली सांगा. आणि सप्ताह समित्यांनी देणगीदाराला पहिल्या रांगेत बसवण्याआधी त्याच्या काट्याबद्दल गावात चार ठिकाणी विचारावं. वर्गणी थोडी कमी जमेल, जमू द्या.