पहिला नंबर

सुरतेच्या लिंबायत भागात सकाळी नळाला पाणी आलं की गल्लीत गुजरातीइतकीच अहिराणी ऐकू येते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या पट्ट्यातली माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरत आली आणि इथल्या गल्ल्यांतून वसली. कुणी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये लागलं, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात. शहादा तालुक्यातलं एक तरुण जोडपं दोन पोरांना घेऊन असंच आलं. नवऱ्याला मार्केटात साड्यांची पार्सलं बांधायचं काम मिळालं. लिंबायतला एक खोली मिळाली. पगार दहा तारखेला व्हायचा आणि वीस तारखेच्या आत संपायचा.

मग सुरू व्हायची वही. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. बाई उभी राहायची आणि म्हणायची, दहाचं तेल द्या, पाचची चहापत्ती द्या, पाव साखर द्या, मांडून ठेवा. दुकानदार मांडायचा. पगार झाला की निम्मा वहीत जायचा, म्हणून पुन्हा वीस तारखेला वही उघडायची. वर्षभर हे असंच चाललं. नवरा शेठकडून उचल घ्यायचा, ती पुढच्या पगारातून कापली जायची.

एके दिवशी बाईने ठरवलं, आता काटकसर करायची. आपल्याकडे काटकसर म्हटलं की पहिली कात्री ताटाला लागते, आणि ताटातही बाईच्या आणि पोरांच्या. तिने भाजी एक दिवसाआड केली. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी यायची, ती शेजारच्या मावशीसोबत निम्मी निम्मी घ्यायचं ठरवलं. पिशवी तीस रुपयांची. म्हणजे रोजचे पंधरा वाचणार, महिन्याचे साडेचारशे.

मावशी साठीच्या पुढची होती. मार्केटातून आलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी बसून करायची. दूध वाटून घ्यायचं म्हटल्यावर तिने कात्री खाली ठेवली. “काबरं वं माय? पोरं काय म्हातारी झाली?” बाईने हिशेब सांगितला. मावशी गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझी वही घेऊन ये.”

मावशीला वाचता येत नव्हतं. बाईची थोरली मुलगी पाचवीत होती, तिला वही वाचायला बसवलं. पोर वाचत गेली: तेल दहा, साबण दहा, तेल दहा, चहा पाच, तेल दहा. मावशी तेलाच्या नावाला एकेक तुरीचा दाणा बाजूला टाकत होती. महिन्याचे एकेचाळीस दाणे झाले. मग तिने लिटरची रिकामी बाटली आणली आणि दुकानातून दहाचं तेल आणवलं. बाटलीवर तेवढ्याची खूण केली आणि त्या मापाने पाणी ओतून पाहिलं. सोळा वेळा ओतलं तेव्हा बाटली भरली. म्हणजे दहा-दहाने घेतलेलं लिटर एकशे साठला पडत होतं. तसल्याच तेलाची बंद पिशवी मावशी रोखीने एकशे पस्तीसला आणायची. एकट्या तेलात महिन्याला चौसष्ट रुपये जास्त जात होते. चहा, साखर, डाळ, साबण, शाम्पूच्या पुड्या यांचा असाच हिशेब लावला, तेव्हा आकडा पाचशेच्या घरात गेला.

पोरांच्या तोंडचं काढून बाई साडेचारशे वाचवणार होती. तेवढे, किंबहुना थोडे जास्तच, ती दर महिन्याला काहीही न खाता-पिता देऊन टाकत होती.

बाईला दुकानदाराचा राग आला. मावशीने तो तिथेच थांबवला. तोही घाऊक व्यापाऱ्याचं देणं लागतो, म्हणाली. त्याचे पैसे वीस-वीस दिवस गल्लीत अडकून पडतात, काही बुडतातही. उधारीचं व्याज वहीत कुठे लिहिलेलं नसतं, ते भावात असतं. आणि ज्याचं देणं आहे त्याच्याशी घासाघीस करता येत नाही, दुसऱ्या दुकानाची पायरीही चढता येत नाही. मला वाटतं, गरिबाला स्वस्ताई न मिळण्याचं मोठं कारण इथे आहे. ज्याच्या हातात महिन्याभराचे पैसे आधी असतात त्याला वस्तू स्वस्त पडते. ज्याच्या हातात आजचे दहाच रुपये आहेत त्याला तीच महाग पडते. अशा माणसाला “थोडं वाचवायला शिका” असं सांगणं मला नेहमीच निर्दय वाटत आलं आहे. तो महिना त्याच्या हाती आधी आणून कोण देणार?

मावशीने तो आणून दिला.

ती बारा जणींची भिशी चालवायची. महिन्याला प्रत्येकीचे पाचशे, म्हणजे सहा हजार जमायचे, आणि चिठ्ठी निघेल तिला मिळायचे. पहिला नंबर मात्र भिशी चालवणारीचा, ही रीत. नवी भिशी त्याच महिन्यात लागत होती. मावशीने आपला पहिला नंबर या बाईला दिला आणि तीन अटी घातल्या. आधी वही पूर्ण फेडायची. उरलेल्या पैशांतून पुढच्या महिन्याचा किराणा रोखीने भरायचा, दुसरं काहीही घ्यायचं नाही. आणि पोरांचं दूध उद्यापासून अर्धा लिटर.

नवऱ्याला त्या पैशांतून हप्त्यावर मोबाइल घ्यायचा होता. दोन दिवस घरात बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन वहीचे तीन हजार चारशे भरून आला. बाई दुकानदाराला म्हणाली, “शेठ, आता रोख घेणार. भाव काय लावता?” त्याने भाव कमी केला. तिने विचारलं होतं म्हणून केला, आणि देणं उरलं नव्हतं म्हणून तिला विचारता आलं.

पण भिशीचे पाचशे अकरा महिने भरायचे होते. ते कुठून येणार, हा प्रश्न मावशीने आधीच हेरला होता. तिने विचारलं, “तुमचं रेशनकार्ड कुठाय?” ते पेटीत होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबाचं, त्यावर चार नावं. गावी अंगठा द्यायला कुणी नाही म्हणून धान्य उचललंच जात नव्हतं. कार्ड गावचं, तेव्हा ते गावीच चालतं, असं दोघांनी धरून ठेवलं होतं.

तसं नव्हतं. एका राज्याच्या रेशनकार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची सोय 9 ऑगस्ट 2019 ला सुरू झाली, तीच मुळी दोन जोड्यांपासून: आंध्र-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात. म्हणजे खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसाला हा हक्क देशात सगळ्यात आधी मिळाला, आणि त्याच्याच पेटीत तो पडून होता. कार्डाला आधार जोडलेलं असलं की यंत्रावर अंगठा ठेवायचा, माणशी पाच किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून त्याला पैसेही पडत नाहीत.

रेशनवाला म्हणाला, “आ तो महाराष्ट्रनुं कार्ड छे, अहीं नहीं चाले.” बाई परत फिरली असती. मावशी तिथल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “कार्ड नको बघू, नंबर यंत्रात टाक.” यंत्राने चार नावं दाखवली. वीस किलो धान्य घरी आलं. दर महिन्याचं तेवढं विकतचं धान्य थांबलं आणि भिशीचे पाचशे तिथून निघू लागले.

पुढचं हळूहळू झालं. गल्लीतल्या चौघी मिळून रिक्षाने सहारा दरवाजाजवळच्या घाऊक भाजीच्या सरदार मार्केटला जाऊ लागल्या. गुजरातेतला मण वीस किलोचा असतो. एक मण बटाटा, एक मण कांदा घेतला की चौघींत पाच-पाच किलो येतो. मावशीचा नियम असा, की टिकतं तेच मणाने घ्यायचं. पालेभाजी आणि टोमॅटो गल्लीतल्या हातगाडीवरूनच, कारण सडलेली स्वस्त भाजी सगळ्यात महाग.

होळीनंतर नवा गहू आला. रेशनच्या धान्याने वर्ष पूर्ण भरत नाही, म्हणून बाईने गावाकडून दोन मण गहू आणि थोडी दादर ज्वारी आणवली. मावशीने गव्हाला एरंडेल चोळायला शिकवलं. सुरतेत त्याला दिवेल म्हणतात. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की किडीला त्यात घर करता येत नाही. तळहात चिकट होईपर्यंत दोघी चोळत बसल्या होत्या. बाईने विचारलं, एवढं भरून कशाला ठेवायचं? तेव्हा मावशीने 2020 चा मार्च सांगितला. लॉकडाउन लागलं आणि एका रात्रीत मार्केट बंद, मिल बंद, गाड्या बंद. चार-आठ दिवसांत दुकानांवर उधारी बंद. वहीवर जगणारी कुटुंबं पोरांना खांद्यावर घेऊन नवापूरच्या दिशेने चालत निघाली. “माझी कोठी भरलेली होती,” मावशी म्हणाली, “म्हणून मी चालले नाही. आणि समोरच्या दोन खोल्याही चालल्या नाहीत.” कोठी एकीचीच होती, पण जेवल्या तीन खोल्या.

पंख्याचा प्रश्न दुसऱ्या वर्षी आला. घरमालक विजेचे युनिटला दहा रुपये घ्यायचा. जुना पंखा 75 वॉटचा, नवा कमी विजेचा 30 वॉटचा. सुरतेत पंखा दिवसाचे सोळा तास तरी फिरतो, म्हणजे महिन्याला एकवीस-बावीस युनिटांचा फरक, दोनशेच्या वर रुपये. नवऱ्याला तो पंखाही पहिल्याच महिन्यात घ्यायचा होता आणि मावशीने नको म्हटलं होतं. वही उघडी असताना तीन हजारांचा पंखा घेतला तर तेल पुन्हा दहा-दहाचंच येणार. तिचं बरोबर होतं. भिशीच्या दुसऱ्या फेरीत पंखा आला आणि सव्वा वर्षाच्या आत त्याने आपली किंमत भरून काढली.

त्या भिशीत आता एक बदल झाला आहे. पहिला नंबर मावशी घेत नाही, चिठ्ठीही टाकत नाहीत. बारा जणी एकत्र बसतात, किराण्याच्या वह्या पुढे ठेवतात आणि जिची उधारी सगळ्यात जास्त तिला पहिला नंबर देतात. यंदा तो जिन्याखालच्या खोलीत आलेल्या एका ओडिया कुटुंबातल्या बाईला गेला. तिच्या पेटीतही ओडिशाचं रेशनकार्ड होतं, आणि ते इथे चालतं हे तिलाही माहीत नव्हतं.

तुमच्या इमारतीचा रखवालदार, भांडी घासायला येणारी बाई, बांधकामावरचा गवंडी, पोराला शाळेत सोडणारा रिक्षावाला, यांच्यापैकी कुणी दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलं असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा: तुमचं रेशनकार्ड कुठलं आहे, आणि त्यावरचं धान्य कोण उचलतं? उत्तर “कुणीच नाही” असं आलं, तर त्यांच्यासोबत जवळच्या रेशन दुकानात जा. नाही म्हटलं तर पायरीवर बसा आणि नंबर यंत्रात टाकायला सांगा. तरीही अडलं तर 14445 हा या योजनेचा मदत क्रमांक आहे. फोन तिथूनच, तुमच्या मोबाइलवरून लावा.