मृत्यू कशाने झाला, हा पहिला प्रश्न

12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री पुण्यातील एक सधन विधवा आपल्या परिचयातल्या डॉक्टरबरोबर रेल्वेने मुंबईला निघाली. पहाटे गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तिला दाखल केले तेव्हा ती बेशुद्ध होती आणि काही तासांतच तिचा मृत्यू झाला. व्हिसेऱ्याच्या रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. शवविच्छेदन करणाऱ्यांनी मधुमेहातील मूर्च्छेने मृत्यू संभवतो असे मत दिले. खटल्यात इतर वैद्यकीय तज्ज्ञांनी ते खोडून काढले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने डॉक्टरला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ हे अपील बहुमताने फेटाळले. न्या. सरकार यांचे मत मात्र वेगळे पडले. हा मृत्यू अनैसर्गिक होता हेच समाधानकारकपणे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

खुनाच्या खटल्यात दोन प्रश्न असतात: कोणी कोणाला मारले का, आणि मारले असेल तर कोणी. शरीरावर वार असतील तर पहिला प्रश्न विचारावाही लागत नाही. मृत्यूचे कारणच वादात असते तेव्हा मात्र दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा नकळत पहिल्याच्या खात्यावर जमा होतो. लागू यांनी त्या बाईच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने बनावट पत्रे लिहिली, तिने दुसरे लग्न केल्याची कथा पसरवली, तिची मालमत्ता हडप केली. हे सारे नीच आहे. पण त्यातून सिद्ध होते ती लबाडी. आयत्या मिळालेल्या मृत्यूचा फायदा उठवणारा लोभी माणूसही नेमके हेच करील. म्हणून माझे म्हणणे असे की मृत्यूनंतरच्या वागण्यावरून मृत्यूचे कारण ठरवू नये.

न्या. हिदायतुल्ला यांच्या बहुमताच्या निकालाचे उत्तर सहज झटकण्यासारखे नाही. विष सापडलेच पाहिजे असा हट्ट धरला, तर औषधांची जाण असलेला डॉक्टर कायम सुटेल. हे मला पूर्ण मान्य आहे. प्रयोगशाळेचा कोरा अहवाल म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. परंतु त्याच खटल्यात वेगळ्या जातीचा पुरावाही होता: रुग्णालयात तिचे खोटे नाव नोंदवले गेले, आजाराची दिशाभूल करणारी माहिती दिली गेली. बाई जिवंत होती आणि उपचार त्या माहितीवर ठरणार होते. असा पुरावा थेट मृत्यूच्या कारणाला भिडतो. निकालाचा भार त्यावर किती आणि नंतरच्या अफरातफरीवर किती, हे निकालपत्रातून वेगळे काढता येत नाही, आणि फाशीच्या प्रकरणात ही सरमिसळ मला अस्वस्थ करते.

या सरमिसळीची किंमत ऑस्ट्रेलियात दिसली. कॅथलीन फोल्बिग यांची चार मुले 1989 ते 1999 या काळात दगावली. गुदमरवल्याची खूण कोणत्याही मुलाच्या शरीरावर निर्णायकपणे आढळली नव्हती. त्यांच्या डायरीतील अपराधी भावनेची वाक्ये 2003 च्या खटल्यात कबुलीसारखी वाचली गेली आणि त्या दोषी ठरल्या. पुढचे अपील फेटाळले गेले, 2019 च्या चौकशीनेही दोष कायम ठेवला. मग दोन्ही मुलींमध्ये हृदयाची लय बिघडवू शकणारा दुर्मीळ जनुकीय बदल असल्याचे संशोधकांनी दाखवले. जून 2023 मध्ये त्यांना माफी मिळाली, डिसेंबरमध्ये दोषसिद्धीच रद्द झाली. वीस वर्षांत डायरीतला एक शब्दही बदलला नव्हता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले, आणि मग तीच पाने दुःखी आईची वाटू लागली.

सर्वांत टोकदार आक्षेप घराच्या चार भिंतींचा आहे. आत काय घडले ते फक्त आरोपीला ठाऊक. मग सरकार पक्षाने मृत्यूचे कारण तरी कुठून आणायचे? 1984 चा ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल इथेच बोचतो. पुण्यात लग्नानंतर चार महिन्यांत एक तरुणी सायनाइडने गेली. विषाबद्दल वाद नव्हता. ते तिने घेतले की तिला दिले गेले, हा वाद होता. तिच्या पत्रांत सासरचे दुःख होते. ते दुःख आत्महत्येकडेही बोट दाखवत होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पतीला निर्दोष सोडले. न्या. फजल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली ती याच निकालात. निकाल वाचताना त्या मुलीसाठी जीव तुटतो. तरीही तो मला योग्य वाटतो. चार भिंतींच्या अडचणीवर उपाय कायदेमंडळाने उघडपणे केला: 1986 मध्ये हुंडाबळीचा स्वतंत्र गुन्हा आला. लग्नापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या थोडेच आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दाखवले, की गृहीतक आरोपीविरुद्ध जाते. मात्र तिथेही मृत्यू नैसर्गिक नव्हता हे आधी सरकार पक्षालाच दाखवावे लागते. अपील ऐकणाऱ्या न्यायालयाने हाच क्रम कागदावर पाळावा. मृत्यूच्या कारणाचा निष्कर्ष प्रथम आणि स्वतंत्र लिहावा, तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे ते सांगावे, आणि आरोपीच्या लोभाचा विचार त्यानंतर करावा. न्या. सरकार यांनी आपल्या मतात सुरुवात त्याच प्रश्नापासून केली होती.